न्हाव्याच्या आरशातला फोटो

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला. पण पत्राची सुरुवात भांडणाने करू नये, असं बाबा म्हणायचे, म्हणून लिहिलं. आता भांडते.

तू दिलेला तो स्कॅनरचा डबा मी माळ्यावर टाकला. निगेटिव्ह आत सरकवायची, बटण दाबायचं, झाला फोटो! बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तू त्यांच्या कपाटातल्या चारशे निगेटिव्ह दोन रविवारांत उरकल्यास. नीट बघितलेस का रे ते फोटो? माणसांच्या तोंडाला चुना फासल्यासारखं दिसतंय. मी पुन्हा करते म्हटलं, तर तू हसलास. “कशाला एवढा खटाटोप? बाबांच्या फोटोंच्या प्रदर्शनाला येणारी माणसं काय भिंग घेऊन येणार आहेत?”

केला मी खटाटोप. आधी ऑफिसातल्या मैत्रिणीचा सपाट स्कॅनर आणला. फिल्म वाकायची, काचेला चिकटायची आणि चित्रावर तेलाच्या तवंगासारखी वलयं उमटायची. मग स्टुडिओवाल्या काकांकडे गेले. ते म्हणाले, “तुझा कॅमेरा पुरे, पोरी. पैसे घालायचेच तर लेन्समध्ये घाल.” जवळचं टिपणारी जुनी लेन्स त्यांनीच शोधून दिली. खाली पांढऱ्या उजेडाची पाटी, फिल्म ताणून धरणारी चौकट, वर खांबाला उलटा टांगलेला कॅमेरा. पाणसळ लावून दोन्ही समांतर करण्यातच माझी सबंध सुट्टी गेली. नवरा म्हणाला, जेवणाचं टेबल परत कधी मिळणार? आम्ही तीन आठवडे मांडीवर ताटं घेऊन जेवतोय.

मग न्हाव्याच्या दुकानाचा फोटो घेतला. तोच, जो तू निमंत्रणपत्रिकेवर छापलास, ‘चित्रकलेच्या मास्तरांची नजर’ म्हणून. खुर्चीत पाठमोरं गिऱ्हाईक, वर वस्तरा धरलेला हात आणि समोर आरशाच्या जागी नुसता पांढरा डाग. निगेटिव्हवर तो भाग इतका काळा होता, की तुझ्या डब्याला त्यातून काही दिसलंच नाही. मी जास्त वेळ उजेड दिला. हळूहळू आरसा उघडला.

गिऱ्हाईक बाबा आहेत, दादा. गालभर फेस. आणि त्यांच्या मागे, दारात, कॅमेरा डोळ्याला लावून आई उभी आहे.

मी तुला लगेच फोन केला. मला वाटलं, तू उडशील. तू शांतपणे म्हणालास, “असेल. बाबांनी सांगितलं असेल, धर जरा कॅमेरा.” धर जरा! मग मी बाकीच्या निगेटिव्ह लावल्या. धोबीघाट, इस्पितळातल्या बाकावरची म्हातारी, सायकलखालचं कुत्रं. फिल्मच्या पट्टीवरचे आकडे सलग आहेत, म्हणजे रोल तोच, आणि मधूनमधून एखाद्या फोटोत बाबा, हात मागे बांधून, कंटाळलेले. त्यांना कोण टिपत होतं? शेजारीण?

काल आईला आणून पडद्यासमोर बसवलं. तिने चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं. मला वाटलं, रडेल. ती चिडली. म्हणाली, “हे म्हणाले होते, फोटो हललाय. कुठे हललाय?” मग मी विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणते, कोणी विचारलंच नाही.

तुला मात्र विचारायची गरज नव्हती. त्या आरशात आईच्या हाताशी सात वर्षांचा तू उभा आहेस, तोंडात पेपरमिंट, आणि सरळ तिच्याकडे बघतोयस. तेव्हा ‘मला माहीत नव्हतं’ असं सांगू नकोस. शनिवारी प्रदर्शन उघडतंय. ‘पत्रिका छापून झाल्या, आता राहू दे’ हे तू तिच्या तोंडावर म्हण, मला नको. मोठे फोटो मी नव्याने काढून घेतलेत, शुक्रवारी स्वतः घेऊन येते. दारावरची पाटी तोवर तू बदलायचीस. आईचं नाव, पूर्ण, मोठ्या अक्षरांत. नाहीतर चारशेच्या चारशे निगेटिव्ह माझ्याकडे आहेत, आणि तुझ्या भिंती रिकाम्या राहतील.

तुझीच, आणि याचाच आज राग येतोय,
धाकटी