पहिली फेरी

दादा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुमचा नातू तुमच्यावर गेला याचं मला फार कौतुक होतं. आता त्याचीच भीती वाटते. ट्रकच्या बॉड्या बांधायला म्हणून माझा लेक परदेशी गेला, आणि तिथं लढाई पेटली. आता त्याच्या शेडमध्ये मालाच्या ट्रकांना जाड लोखंडी पत्रे ठोकून सैनिकांसाठी गाड्या करतात. त्यानं फोनवर एक दाखवली. काचेच्या जागी बोटभर फट, बाकी सगळं लोखंड. 

पैठण रस्त्यावरचं आपलं शेड आठवतं. नुसती चेसिस यायची, इंजिन-चाकांचा उघडा सांगाडा; ड्रायव्हर फळीवर बसून, तोंडाला रुमाल बांधून ती चालवत आणायचा. तुम्ही बॉडी बांधली की माल भरून गंगापूरपर्यंत पहिली फेरी, आणि तुम्ही मागे मालावर बसणार. केबिनमध्ये या म्हणून मालक विनवायचा, तुम्ही ऐकायचा नाहीत. बांधणाऱ्यानं पहिल्या फेरीला बसायचंच, हा तुमचा नेम. एकदा आई दारात आडवी उभी राहते, पोरं लहान आहेत म्हणते. तुम्ही पायात चपला सरकवत सांगता, "मलाच भ्या वाटत आसंल तर दुसऱ्याला कसं बसवू?" नातवालाही तुम्ही हेच शिकवलंत.

परवा तो सांगत होता, पत्र्यांचं वजन चेसिसला झेपत नाही, उतारावर ब्रेक उशिरा लागतो, तरी उद्या गाडी निघणार, जिथं गोळे पडतात तिथं. मग भाजी काय केलीस विचारावं तसं म्हणाला, "मी बसणार हाय, आई. माझ्या हातची गाडी हाय."

मी रागावले, रडले, गळ्याची शपथ घातली. तो बधेना. शेवटी सांगितलं, तुझ्या आजोबांनी हा नेम सोडला होता. एकदा गाडी उलटली, त्यांचा धीर सुटला, जाताना म्हणाले तो सगळा अडाणीपणा होता. असं काहीएक झालं नव्हतं, दादा.  तो म्हणाला, "आज्जा भेला व्हता? मंग ऱ्हाऊ दे."

गाडी गेली, तो शेडमध्येच राहिला. पुढची गाडी तयार होते आहे, आणि फोन वाजला की हातातलं काम टाकून मी धावते. तुमच्या नावाला मी भित्रेपणा चिकटवला, लागलं तर पुन्हा चिकटवीन. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, तेच बरं. त्याच्या जागी कोण बसलं, हे मी अजून विचारलेलं नाही.