रोजचा आकडा दोन

४ मार्च, सोमवार
दवाखान्याच्या हॉलमध्ये दुपारी वर्ग. विषय, ओटीपोटाचं जुनाट दुखणं कसं समजून घ्यायचं आणि कसं सांभाळायचं. मला तसं काही नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून गेले. आठ बायका, एकही सरळ बसलेली नाही. कुणी डाव्या अंगावर, कुणी उजव्या. मी पूर्ण वेळ भिंतीशी उभी राहिले. सवय.
फिजिओ मॅडमनी प्रत्येकीला एक तक्ता दिला. दुखणं शून्य ते दहा, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मनात म्हटलं, हे तर माझंच काम. बारा वर्षं औषधांच्या स्टोअरमध्ये लसींच्या फ्रीजचं तापमान लिहिते आहे.
संकल्प : रोज, वेळेवर, खरं.

५ मार्च
सकाळ २. संध्याकाळ २. मध्ये स्कूटरवरून उतरताना डोळ्यांपुढे काळोख आला, पण तो स्कूटरमुळे. धरायचा नाही. जिने, शिंका आणि दुकानातली रांगही धरायची नाही, असा नियम केला.
तक्ता घरच्या फ्रीजवर लावला. लेकीने वाचला. पंधरा वर्षांची आहे, सगळं वाचते. म्हणाली, दोनच? मग जातेस कशाला? म्हटलं, ज्ञान वाढतं.

८ मार्च
स्टोअरमधल्या काकांना रंगेहाथ पकडलं. सकाळी साडेदहालाच संध्याकाळचं तापमान लिहून मोकळे! म्हणाले, अहो मॅडम, रोज तेवढंच असतं. मी म्हटलं, काका, तेवढंच आहे की नाही हे बघायलाच तर रजिस्टर असतं. लेखी खुलासा घेतला. रिटायर व्हायला चार महिने राहिलेला माणूस, मान खाली घालून लिहीत होता. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

१० मार्च, रविवार
उत्तम दिवस. मॅडमच्या माहितीपत्रकात आहे की बरं वाटतं त्या दिवशीही काम थोडं थोडं करावं, दुखायची वाट न पाहता घड्याळ बघून थांबावं. वीस मिनिटांचा टायमर लावला. वाजला तेव्हा कपाटाचा एकच कप्पा झाला होता. टायमर बंद केला. चारही कपाटं, माळा आणि गॅलरी धुऊन काढली.
यांनी आपल्या बहिणीला फोनवर सांगितलं, आमच्या हिचं कधी काही दुखत नाही. बरं वाटलं.

११ मार्च
वर्गाला गेले नाही. दुखत होतं म्हणून नव्हे. खरोखर दुखणाऱ्या बायकांना खुर्च्या मिळाव्यात म्हणून. दिवसभर पडून विश्रांतीचा सराव केला. सकाळ २, संध्याकाळ २.

१३ मार्च
श्वासाचा व्यायाम, घरी. आडवं पडायचं, पोटावर हात ठेवायचा, श्वास घेताना पोट वर येऊ द्यायचं आणि खालचे स्नायू सैल सोडायचे. मॅडम म्हणतात, तुम्ही ते वर्षानुवर्षं मुठीसारखे आवळून धरलेत.
पोट सोडलं, तर कानात आई बोलली. पोट आत घे. लहानपणी दिवसातून दहा वेळा म्हणायची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. मग डोळ्यांतून पाणी आलं, बराच वेळ. माळ्यावरची धूळ असणार.

१६ मार्च, संध्याकाळी सहा
स्वयंपाकघरात दिवा लावला नव्हता. खिडकीच्या काचेत आई दिसली. ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून, मान खाली, तशीच. आम्ही शाळेतून आलो की ती अशी उभी असायची. काय झालं विचारलं की म्हणायची, थोडंसं आहे, जाईल. आणि हात लगेच ओट्यावरून पदरात.
मी हलले. तीही हलली.
पडदा लावून टाकला.

१७ मार्च, रविवार
कामावर या आठवड्यात ऑडिट. धावपळीत तक्ता राहून जायला नको म्हणून पुढच्या रविवारपर्यंतचे आकडे आजच भरले. सगळीकडे २. अनुभवी माणसाचा अंदाज चुकत नाही.

१८ मार्च
वर्गात मॅडमनी तक्ता पाहिला. म्हणाल्या, ताई, आज सोमवारच आहे ना? शुक्रवारी काय होणार ते तुम्हाला कळलंय? बायका हसल्या. मी म्हटलं, अहो मॅडम, रोज तेवढंच असतं.
बोलले आणि काकांचा चेहरा आठवला.
मॅडम चिडल्या नाहीत. विचारलं, दोन म्हणजे नेमकं किती? म्हटलं, ओटा धरून का होईना, स्वयंपाक पूर्ण होतो इतकं. मागून एक जाडजूड बाई म्हणाली, बाई गं, आमच्याकडे त्याला सात म्हणतात! सगळ्या पुन्हा हसल्या. या वेळी मलाही हसू आलं, आणि हसताना दुखलं. मॅडमनी दोन कोरे तक्ते दिले. एक भरायला, एक चुकला तर.

२१ मार्च
लेक शाळेतून आली. मी बाहेरच्या खोलीत होते. आत गेले तर ती ओट्याशी. दोन्ही हात कडेवर, मान खाली. विचारलं, काय गं? म्हणाली, थोडंसं आहे, जाईल. आणि हात खिशात.
आजी गेली तेव्हा ही चार वर्षांची. हे कुठून उचललं असेल, कळत नाही.
दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडवते, ते मी आळसात धरत होते. तिला दुसरा कोरा तक्ता दिला. समजावलं, यात लपवायचं नाही, मी करते तसं कर.

२२ मार्च
तिचा तक्ता फ्रीजवर. अख्ख्या महिन्याचा भरून तयार. सगळीकडे २. विचारलं, हे काय? म्हणाली, तुझाच बघून लिहिला.

२५ मार्च
तिला वर्गाला घेऊन गेले. मॅडमनी आधी मला विचारलं, आज किती? तोंड उघडलं. आईचं वाक्य जिभेवर तयारच होतं. लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हटलं, आठ.
कुणी हसलं नाही. लेक हळूच म्हणाली, मग माझं सहा. मॅडम म्हणाल्या, हिला आधी डॉक्टरांना दाखवू. गुरुवारची वेळ मिळाली आहे.
मी खुर्चीत बसले, डाव्या अंगावर.
उद्या काकांना त्यांचा खुलासा परत द्यायचा. आणि पाच मार्चपासूनचं सगळं पुन्हा लिहायचं. स्कूटर, जिने, शिंका, सगळं धरून.