रिकाम्या गाडीचे शॉक

मंगळवार, दुपार

चि. ठकूस,

आशीर्वाद. तू, जावईबापू आणि येणारा जीव, तिघांना देव सुखरूप ठेवो. सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडे मी दुसरं काही मागत नाही. वर तुमच्याकडे फोन लागत नाही, म्हणून हे पत्र पाण्याच्या टँकरवाल्याबरोबर पाठवते आहे. सोबत बाळासाठी लोकरीचे मोजे आहेत. उरलेल्या लोकरीचे केलेत, म्हणून एका मोज्याची टाच वेगळ्या रंगाची आहे. चालेल ना?

इकडे सगळं ठीक. मागच्या खोलीची खिडकी घट्ट बसत होती, तिला रंधा मारून घेतला. पलंग वाऱ्यापासून जरा आत सरकवला. सहजच. शेजारच्या शिंपीणबाईंनी विचारलं, "कुणी येणार आहे का?" मी म्हटलं, "खोली आहे तर झाडावी लागते."

दुसरी बातमी म्हणजे, बाबांनी मालाच्या गाडीचे शॉक बदलले.

एवढं लिहून मी दूध उतरवून आले, म्हणजे तोवर तुझं हसून झालं असेल.

तू त्या गाडीत शेवटची बसलीस तो दिवस मी विसरलेली नाही. उतारावर गाडी नावेसारखी डुलत होती. तू म्हणालीस, "बाबा, चारही शॉक गेलेत. हे बदलल्याशिवाय मी परत या गाडीत बसणार नाही." ते म्हणाले, "गाडीतलं तू मला शिकवू नकोस." तू तिथेच उतरलीस आणि चालत घरी आलीस. लग्न होऊन वर गेलीस तीही दुसऱ्याच्या जीपमधून. दोघं एकाच मातीचे. त्यानंतर त्यांनी क्लच बदलला, सीटला नवी कव्हरंसुद्धा शिवून घेतली, पण शॉकना हात लावला नाही. शॉकमधलं तेल गळून खाली डाग पडायचे, टायर उंदरांनी कुरतडल्यासारखे झिजले, तरी नाही. दर आठवड्याला पाईप घेऊन तुमच्या खाणीवर येतात, फाटकावर उतरवतात आणि तुझ्या दाराकडे न बघता वळतात, हे तुला माहीतच आहे. त्या मोकळ्या रस्त्यावर वळताना हॉर्न कशाला वाजवतात, ते मात्र मी त्यांना कधी विचारलं नाही.

मागच्या पत्रात तू लिहिलंस, की खाणीवरच्या नर्सबाई म्हणतात, शेवटच्या महिन्याआधी खाली दवाखान्याजवळ जाऊन राहा. पूल खचल्यापासून ओढ्यातून जीप निघत नाही, मोठी गाडीच लागेल. आणि पुढे एवढंच, "बघू." ते पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "बघू"सुद्धा वाचलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजला निघताना म्हणाले, "चल बरोबर. भाव करायला तू बरी."

मिस्त्रींनी बंपरवर पाय देऊन गाडी दाबली. ती वर-खाली, वर-खाली करत राहिली. "वहिनी, हिला काही विचारू नका," ते म्हणाले, "ही सगळ्यालाच मान डोलावते." मग बाबांना विचारलं, "दादा, माल किती टाकता?"

"पुरेपूर."

मिस्त्रींनी गॅसचे कडक शॉक काढले, माझ्या दंडाएवढे जाड. मी त्यांच्या शेजारचे साधे तेलाचे उचलून बघितले, स्वस्त होते. बाबांनी ते माझ्या हातातून घेऊन परत फळीवर ठेवले. वायपरची नुसती काडी उरेपर्यंत चालवणारा हा माणूस.

शॉक बसले. संध्याकाळी म्हणाले, "ओढ्यापर्यंत जाऊन येऊ." मला पुढे बसवलं आणि मांडीवर पाण्याने भरलेलं पातेलं दिलं, बिनझाकणाचं. "सांडू देऊ नकोस." गाडी रिकामी. पहिल्या खड्ड्यात अर्धं पातेलं माझ्या अंगावर, दुसऱ्यात उरलेलं. मागची बाजू बकरीसारखी उड्या मारत होती. मी म्हटलं, "माल भरला की बसेल खाली."

"माल भरून आणायचंय का तिला?" ते म्हणाले.

आणि मग एकदम आरसा पुसायला लागले. आरसा स्वच्छ होता. मीही पातेलं पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मिस्त्रींकडे. "हे परत घ्या."

"अहो दादा, तुम्हीच म्हणालात, पुरेपूर माल."

"जाताना माल. येताना पुढे एक बाई असेल. तिला धक्का बसता कामा नये."

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागले. "मी नव्हे," मी म्हटलं, "माझं भिजून झालंय."

मग त्यांनी समजावलं, की वजन पेलायचं काम चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं. शॉक त्या पाट्यांना फक्त आवरतात. भरल्या गाडीला कडक हवेत, रिकामीला मऊ. दोन्ही पाहिजे असेल तर बटणाचे घ्या, आकडा कमी केला की मऊ, वाढवला की कडक. तू कधीतरी असल्याच शॉकचं चित्र दाखवलं होतंस, तेव्हा "बटणं रेडिओला असतात" असं बाबा म्हणाले होते, आठवतंय? तेच आता चाकाशी उकिडवे बसून एकेक बटण कान देऊन फिरवत होते. किंमत लिहीत नाही. आदल्या दिवशीचे कडक शॉक परत घेताना मिस्त्री काटछाट करत होते, ती मी करू दिली नाही. फ्रीज पुढच्या वर्षी बघू. आहे त्यात पाणी गार होतंय.

तेव्हापासून रोज मी, पातेलं आणि ओढा. आता खड्ड्यांत पातेल्यातलं पाणी काठापर्यंत येतं आणि परत जातं. ओढ्यातल्या दगडांवर मात्र अजून थोडं सांडतं, आणि तेवढंच त्यांच्या डोक्यात बसलंय.

तुला यातलं काही कळवायचं नाही असं मला बजावलंय. म्हणून मी खिडकी आणि पलंगापासून सुरुवात केली. पण देव बघत असताना किती वेळ खिडकीबद्दल लिहिणार? शुक्रवारी ते पाईप घेऊन येतील. पाईप उतरले की गाडी रिकामी. तू आपला शब्द मोडावास असं मी म्हणत नाही. तुझ्या शब्दातच होतं, बदलल्याशिवाय बसणार नाही. आता बदललेत.

हे लिहितेय तोच ते दारात आले. "कुणाला लिहितेस?" मी म्हटलं, ठकूला. वाटलं, आता चिडतील. बूट सोडता सोडता खालीच बघत म्हणाले, "लिहितेच आहेस तर विचार तिला. पुढची बटणं दोनवर ठेवलीत. मागची कितीवर ठेवू? ओढ्यात मागून उडते अजून."

मी म्हटलं, "मिस्त्रींना विचारा की."

"मिस्त्रीला काय कळतंय," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

तर ठकू, टँकरवाला उद्या परत खाली येतो, त्याच्याबरोबर उत्तर दे. नुसता आकडा लिहिलास तरी पुरे. मात्र पत्र मला लिहू नकोस, वर "ती. बाबांस" असं लिही.

पातेलं मांडणीवर ठेवून, पुढची सीट तुझ्यासाठी मोकळी करणारी,

तुझी आई