भोवऱ्याचं शेवटचं पान

४ मार्च

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. मी बरी आहे. तिकडचं खुशाल कळव असं लिहायची पद्धत आहे, पण खुशाल असतीस तर इस्पितळात कशाला पडली असतीस? तेव्हा खरं काय ते कळव. परवा वॉर्डातल्या फोनवर बोलले तर मेट्रनबाईंनी मलाच दटावलं, हळू बोला म्हणे. लाँड्रीत इतकी वर्षं वाफेच्या आवाजावर आवाज काढून माझा घसा असाच झालाय, त्याला आता हळू येत नाही. म्हणून पत्र. शुद्धलेखन तपासू नकोस.

मामांनी कळवलं की तू ताटातलं अर्धं शेजारच्या खाटेवर देतेस. हे बंद कर. त्या बाईला तिचं ताट आहे.

तुझ्या उशीखाली भोवऱ्याच्या चित्रकथेचा ताजा अंक सापडला. तू तो इस्पितळात जाईपर्यंत उजेडात धरून बघत होतीस, चष्म्याच्या काचा बघतेस तसा. दुकानातली खोड घरी. मी अर्ध्या तासात उरकला. आधी शेवटचं पान, मग पहिलं. ओरडू नकोस. डबा हातात आला की माणूस आधी आत काय आहे ते बघतोच. आणि चित्रांत मी वेळ घालवत नाही. चित्रं काय, तान्हं पोरही बघतं. बाबांनी मला तिसरीतून काढली, त्यानंतर तू शाळेतून येऊन ह्याच पुस्तकांवर मला अक्षरं शिकवलीस. मग मी अक्षरंच वाचणार.

आता माझं मत ऐक. हा नवा लेखक मला पटत नाही. पहिल्याचा भोवरा कसा होता? दिवसा लिफ्ट दुरुस्त करायचा, संकट आलं की गरगर फिरायचा, गोळ्या त्याला लागायच्या नाहीत, आणि सगळं आटोपलं की भिंत धरून ओकायचा. एवढं फिरल्यावर चक्कर येणारच. म्हणून तो आपला वाटायचा. ह्या नव्याने चक्कर काढून टाकली आणि भाषणं घातली. मार खाता खाता कोणी दोन फुगे भरून बोलतं का? माझा हात प्रेसखाली भाजला तेव्हा मी एकच शब्द बोलले होते आणि तो छापण्यासारखा नव्हता. बायका ह्याच्या पुस्तकात खिडकीतून पडण्यापुरत्या येतात. आणि ती पाठीवरची चादर! वादळातून येतो, नदीतून येतो, एक सुरकुती नाही. कोण करतं इस्त्री? त्या बिचारीचं नाव तरी टाका कुठे.

आणि आता म्हणे त्या गारठा नावाच्या खलनायकाने भोवऱ्याला काचेच्या पिंपात गोठवला. शेवटून दुसऱ्या चौकटीत धक् असं लिहिलंय, शेवटची चौकट कोरी. महिनाभर माणूस टांगून ठेवायचा ही काय गोष्ट सांगायची रीत झाली?

ऑपरेशनची तारीख कळव. आणि जेव.

लोभ असावा अशी विनंती मी करणार नाही. असायलाच हवा.

तुझी ताई


११ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र शेजारच्या खाटेवरच्या आजींना वाचून दाखवलं, ताटाचा भाग गाळून. त्या म्हणाल्या की ही बाई वॉर्डात असती तर निम्मे रुग्ण भीतीनेच बरे होऊन घरी गेले असते.

तारीख ठरली, दोन एप्रिल. डॉक्टरांनी काल सगळं समजावलं. झडप बदलायची तर हृदय थांबवावं लागतं. तेवढा वेळ माझं रक्त एक यंत्र फिरवणार आणि काम झालं की हृदय पुन्हा सुरू करणार. नाही झालं तर, असं मी विचारलं. जवळजवळ नेहमीच होतं, असं ते हसून म्हणाले. ताई, ते जवळजवळ माझ्या डोक्यातून जात नाही. संमतीच्या कागदावर मी अजून सही केलेली नाही. चष्मा सापडत नाही असं मामांना सांगितलंय. चष्म्याच्या दुकानात काम करणारी बाई हे सांगते आणि ते विश्वास ठेवतात!

हसू नकोस, पण डोळे मिटले की मला ते काचेचं पिंप दिसतं. एक धक्, मग कोरी चौकट. नवा अंक माझ्या तारखेच्या आधी येईल. मला तो पाठवू नकोस. तू आणशील, मागून उघडशील, ते मला ठाऊक आहे. पण काही कळवू नकोस. तो उठला नाही असं कळलं तर माझ्याने सही होणार नाही. वेडेपणा आहे हे कळतं मला. कळून उपयोग होत नाही.

आणि गोड पत्रही लिहू नकोस. तू गोड लिहिलंस की मी समजेन, तो मेला. लहानपणी आपलं मांजर मेलं तेव्हा तू मला दिवसभर राणी म्हणत होतीस.

अशीच रागावत राहा, मला त्यानेच बरं वाटतं.

तुझी बारकी


१९ मार्च

ती. मामांस,

सा. न. वि. वि. तब्येत वगैरे नंतर विचारते, आधी काम सांगते.

बारकीने सही केलेली नाही. चष्मा हरवलेला नाही, तिच्या नाकावरच असेल. ती त्या भोवऱ्यात अडकून बसली आहे. तो उठला तर मी उठेन असं काहीतरी तिने मनात धरलंय. तुम्ही म्हणाल, असं असतं का कुठे? असतं. तिचं आहे.

म्हणून काल मी लाँड्रीतून अर्धी सुट्टी घेतली आणि ते पुस्तक जिथे तयार होतं त्या कचेरीत गेले. चौथा मजला, आणि लिफ्ट बंद. लिफ्टवाल्याच्या गोष्टी छापतात आणि स्वतःची लिफ्ट बंद! वर पोचले तेव्हा मला बोलायला श्वास नव्हता, त्यामुळे सुरुवात जरा नरम झाली. लेखक म्हणजे एक किडकिडीत माणूस, गळ्यात मफलर. त्याला वाटलं मी कप न्यायला आले. मी त्याला सांगितलं की मी वाचक आहे आणि मला भोवरा उठलेला हवा आहे, ह्याच अंकात.

तो हसला. म्हणाला, भोवरा मेला. पुढचे तीन अंक दुःखाचे, मग नवा वीर येणार, त्याच्या हातातून जाळ निघतो. मेल्यावर लोक रडतात आणि रडणारे अंक घेतात, मालकांना हे पसंत आहे. मी म्हटलं, बंद करायला अक्कल लागत नाही, चालू करायला लागते. तुला पुढचं सुचत नाही म्हणून तू त्याला मारतोस. मग मी बारकीचं सगळं सांगितलं, हृदयाचं, कागदाचं. हळू सांगितलं नसणार, कारण पलीकडच्या खोलीतली माणसंही दारात येऊन उभी राहिली. तो लाल झाला. म्हणाला, वाईट वाटतं, पण मजकूर ठरलाय, शेवटचं पान उद्या छपाईला जातं.

ते पान कोपऱ्यात एक बाई काढत बसली होती. माझ्याच वयाची, बोटं शाईने काळी. एवढा गोंधळ झाला तरी मान वर केली नाही. मी निघाले तेव्हा तिने एवढंच विचारलं की तुमची बहीण वाचते की बघते. काय प्रश्न! मी म्हटलं, बघते, एकेका चित्रापाशी अर्धा अर्धा तास, म्हणून तर तिचं कधी संपत नाही. त्यावर ती ब्रश धुवायला लागली.

म्हणजे माझ्या हाताला काही लागलं नाही. आता तुमच्यावर आहे. अंक सव्वीसला येतो. इस्पितळाच्या आसपास जितकी दुकानं आहेत तितकी फिरा आणि भोवऱ्याचे सगळे अंक विकत घ्या. वॉर्डात एकही दिसता कामा नये. तिला काही बोलू नका. आणि कृपा करून बसल्या जागी झोपू नका. स्वतःच्या लग्नात झोपलेला माणूस तुम्ही, म्हणून लिहिते.

नमस्कार आहेच. काम झाल्याचं कळवा.

तुमची मोठी भाची


२६ मार्च

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. अंक आलेला नाही. छपाईचं यंत्र मोडलंय म्हणे. विषय संपला.

चष्मा नाकावर बघ. सापडला? आता सही कर.

जवळजवळ म्हणाले म्हणून घाबरलीस. मी पण कामावर जवळजवळ नेहमीच वेळेवर जाते. आमचा बॉयलर रोज संध्याकाळी बंद होतो आणि सकाळी चालू होतो. एकदा नाही झाला, तेव्हा मिस्त्रीने लाथ मारली आणि झाला. तुझ्या डॉक्टरच्या पायात जोर आहे का ते मामांना बघायला सांगते.

तुझ्या दुकानाचा मालक काल भेटला. नवी आलेली मुलगी काचांवर बोटांचे ठसे ठेवते म्हणून रडत होता. मी त्याला सांगितलं, मेमध्ये बारकी येते, तोवर रड. मी शब्द दिलाय. मला खोटं पाडलंस तर बघ.

ताट सगळं संपव. तुझ्यावर रागावले आहे, ते तू येईपर्यंत जाणार नाही.

ताई


२९ मार्च

चि. मोठीस,

अनेक आशीर्वाद. तू सांगितल्याप्रमाणे सगळी दुकानं पालथी घालून अंक घेतले, एक मागे ठेवला नाही. दुकानदार मला वेडा समजले. एवढी जड पिशवी घेऊन घरी जाऊन परत येण्यात भेटीची वेळ गेली असती, म्हणून तसाच वॉर्डात गेलो. बारकीला एका शब्दाने बोललो नाही. पिशवी पायाशी ठेवली, खुर्ची मऊ होती, जरा डोळा लागला. जागा झालो तर ती परिचारिकेकडे पेन मागत होती. सही झाली. काळजी नसावी. हे सगळं माझ्यामुळेच झालं असं मला वाटतं.

तुझा मामा


१७ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. अक्षर वाकडं आहे, हात अजून माझं ऐकत नाही. पण सुरू झालं, ताई. डॉक्टर म्हणतात, पहिल्याच झटक्यात. लाथेची गरज पडली नाही.

तुझं बॉयलरचं पत्र आत नेण्याच्या दिवशी सकाळी मिळालं. एक गोड शब्द नव्हता. पण यंत्र मोडलं ही थाप होती, हे मला तेव्हाच माहीत होतं. कारण अंक मी वाचला होता. मामा झोपले, त्यांचा पाय पिशवीला लागला आणि भोवरेच भोवरे घसरत माझ्या खाटेखाली पसरले. ज्याला सगळे लपवायला सांगितलं, त्याने सगळे आणून दिले. आजींनी एक उचलून माझ्या हातात ठेवला. मी पहिल्या पानापासून वाचला, तुझ्यासारखा नाही.

शेवटच्या पानावर आले. भोवरा आता नाही, असं लिहिलं होतं. रडले. संमतीचा कागद सही न करताच परत करावा असं ठरवलंही. पण मग सवयीने ते चित्र उजेडात धरलं. पिंपाच्या बाहेरून बर्फ आहे. आणि आतून, त्याच्या तोंडासमोर, अंगठ्याएवढा धुरकटपणा. ताई, मी दिवसभर काचांवर हाऽ करून फुंकते आणि पुसते. तो डाग मी झोपेतही ओळखेन. श्वासाशिवाय तो येत नाही. लिहिणाऱ्याने मेला म्हटलंय, आणि काढणारीने त्याला श्वास दिलाय. मी पेन मागितलं.

तुझ्याकडे अंक असणारच. तो काढ. वाचू नकोस, बघ.

ताट संपवते. आजी साक्षीला आहेत. राग टिकवून ठेव, मी येतेच आहे.

तुझी बारकी


२३ एप्रिल

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. अंक होता. आला त्याच दिवशी घेतला, मागून उघडला, तीन शब्द वाचले आणि लाँड्रीतल्या इस्त्रीच्या चादरींच्या ढिगाखाली दाबला. मग बसून तुला ते यंत्र मोडल्याचं पत्र लिहिलं. ते लिहिताना मला कसं झालं ते आता जाऊ दे.

तुझं पत्र आलं तसा ढिगाखालून काढून खिडकीपाशी नेला. त्याच्या तोंडासमोर पांढुरकं दिसलं. मला वाटलं आमच्याच वाफेचा डाग पडलाय. बाहीने पुसला. पुन्हा पुसला. जाईना. मग खुर्ची ओढली आणि अक्षराला बोट न लावता ते चित्र बघत बसले. मुकादमाने दोनदा हाक मारली. मारू दे.

आज त्या कचेरीत जाऊन आले. लिफ्ट अजून बंद. तो मफलरवाला डोकं धरून बसलाय. गावोगावच्या वाचकांची पोतंभर पत्रं आली आहेत, सगळे त्या श्वासाचं विचारतात, आणि मालकाने हुकूम सोडलाय की भोवऱ्याला उठव. कसा उठवायचा ते ह्याला सुचत नाही. मी म्हटलं, आता शीक. आणि उठल्यावर त्याला चक्कर येऊ दे, एवढे दिवस गोठलेला माणूस धडधाकट कसा उभा राहील? हे त्याने लिहून घेतलं.

कोपऱ्यातल्या बाईला मी काही बोलले नाही. मला तसलं बोलता येत नाही. तिचे ब्रश टेबलावर शाईने माखून पडले होते, ते धुऊन दिले. ती तिचं काढत राहिली.

नवा अंक पुढच्या आठवड्यात येतो. तो मी उशीच्या खोळीत घालून तोंड शिवून टाकणार आहे, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही. तू ये, उसव, पहिल्या पानापासून वाच. मी शेजारी बसून बघेन.

फार दिवस लावू नकोस. टाके मी कच्चेच घालते.

तुझी ताई