पत्त्यासह शुभेच्छा

जाफना,
१४ जून १९८३

चि. तिल्लैनादन यास अक्काचे अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक, म्हणजे लष्कराच्या गाड्या रस्त्यांवर फिरतात आणि दिवेलागणीनंतर कुणी घराबाहेर पडत नाही, तेवढं सोडून. आंबे यंदा भरपूर आहेत. ओळखीचं कुणी कोलंबोला निघालं की करंडी पाठवते.

पत्र मात्र रागाने लिहिते आहे. वीस वर्षं मी शनिवारी सकाळी सगळी कामं टाकून तुझा रेडिओवरचा वाढदिवसांचा कार्यक्रम ऐकते. मुलाचं नाव, वय, आईबाप, आजी-आजोबा आणि शेवटी घराचा पूर्ण पत्ता, अगदी फाटकाच्या रंगासकट, तू वाचायचास. गेले चार शनिवार नुसतं गावाचं नाव घेतोस आणि गाणं लावतोस. शेजारच्या रासम्माच्या नातवाचंही तसंच केलंस. ती माझ्यापाशी येऊन म्हणाली की कोलंबोत त्या नावाची पन्नास पोरं असतील, माझाच नातू हे ऐकणाऱ्याला कसं कळायचं?

येत्या २३ जुलैला आपली अभिरामी आठ वर्षांची होते आणि तो शनिवारच आहे. मला त्या दिवशी सगळं ऐकायचं आहे. मूलबाळ मला नाही, भाची म्हणून ही एकटीच. पुष्पराणीला आशीर्वाद. माझा लोभ आहे तेवढाच आहे, तुझी वागणूक सुधारली तर वाढेल.

तुझी अक्का

*

कोलंबो, वेल्लवत्ते
२० जून १९८३

ती. अक्कास तिल्लैचा सा. न. वि. वि.

तुझं रागाचं पत्र पुष्पराणीने मोठ्याने वाचून दाखवलं आणि ती मनापासून हसली. मला हसू आलं नाही. का ते लिहितो, पण वाचून झाल्यावर पत्र चुलीत घाल.

शहरातल्या रेडिओचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. आधी मजा वाटत होती. पहिल्या महायुद्धात पकडलेल्या जर्मन पाणबुडीची यंत्रं वापरून इथला पहिला आवाज हवेत गेला, असं जुने लोक सांगतात. भारतातून फर्माइशींची पत्रं पोत्यांनी यायची ते दिवस तर मीही पाहिले. माझ्या कार्यक्रमाला वीस वर्षांत आलेली कार्डंही दोन पत्र्याच्या ट्रंकांत जपून ठेवली होती. प्रत्येकावर पत्ता, कारण तुमच्यासारख्यांना तो ऐकायचा असतो!

मे महिन्यात एक गृहस्थ आले. सिंहली आहेत, पण तमिळ आपल्यापेक्षा स्वच्छ बोलतात. कुठल्या खात्याचे ते कुणी सांगत नाही. इतिहासाची आवड आहे म्हणाले, सगळ्यांसाठी मिठाई आणली. गाण्यांबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. रोज ट्रंकांपाशी बसून कार्डं वहीत उतरवत राहिले, तीही फक्त कोलंबोची. एकदा ते हात धुवायला गेले तेव्हा मी वही पाहिली. तमिळ घरांचे नुसते रस्ते आणि घरांचे नंबर, रस्त्यांच्या क्रमाने. साहेबांना सांगितलं तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले की तू आपला गाण्यांचा इतिहास लिही.

गुरुवारी मी दोन्ही ट्रंका आमच्या कचेरीच्या उपाहारगृहात नेल्या आणि कार्डं भाताच्या चुलीत घातली. आचाऱ्याने एवढंच म्हटलं की आज भात लवकर झाला. पाहुण्यांना मी वाळवी लागली म्हणून सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, हरकत नाही, रेडिओ आम्हीही ऐकतो.

म्हणून मी पत्ते वाचत नाही. आमची काळजी करू नकोस. मतदार म्हणून आमची नावं अजून जाफन्यातच आहेत, घर सोमलता अम्मांचं, त्या सिंहली, फाटकावर पाटी त्यांचीच. आमचं नाव इथल्या कुठल्याही यादीत नाही. २३ तारखेला मी रजा घेऊन अभिरामीला प्राणिसंग्रहालयात नेणार आहे. माझ्या जागी तुझी जुनी विद्यार्थिनी नगुला वाचेल. तू फक्त नाव पाठव. एवढं माझं ऐक.

कृपा असावी, आणि राग दोन महिने बाजूला ठेवावा.

तिल्लै

*

जाफना,
२३ जुलै १९८३

चि. तिल्लैनादन यास अ. उ. आ.

आधीच सांगते, नगुलाला रागावू नकोस. आठवीत तिला गणितात मी पास केलं आहे, माझा शब्द ती कसा मोडेल? पत्ते न वाचण्याचा नियम इतरांसाठी आहे, घरच्यांसाठी नाही, असं मी तिला लिहिलं होतं.

आणि काय वाचलं रे तिने! तुझं नाव, पुष्पराणीचं नाव, मग वेल्लवत्ते, समुद्राकडची गल्ली, घराचा नंबर, निळं फाटक, सोमलता अम्मांच्या घराचा वरचा मजला. अंगणात बायका जमल्या होत्या. रासम्माही होती. मला रडू आलं, लपवत नाही. या घरात बऱ्याच दिवसांत आनंदाचं काही झालं नव्हतं.

तुझं पत्र मी विसरलेले नाही. पण तू लहानपणापासून सावलीला भिणारा. जाळायचं ते त्यांनी आमचं इथलं वाचनालय जाळलं, दोन वर्षं झाली. राजधानीत एवढ्या लोकांदेखत कोण काय करणार? आणि ट्रंका तर तूच जाळल्यास. एका दिवसाच्या पत्त्याने काय होतं!

प्राणिसंग्रहालयात तिने काय काय पाहिलं ते तिलाच लिहायला सांग. या म्हातारीवर मर्जी राहू द्या.

तुझी अक्का

*

कोलंबो, शाळेतल्या छावणीतून
६ ऑगस्ट १९८३

ती. अक्कास सा. न.

आम्ही तिघं जिवंत आहोत. हे पहिलं वाक्य दोनदा वाच आणि मग पुढे जा.

२५ जुलैला, सोमवारी दुपारी दंगलखोर आले. वेल्लवत्त्यात सगळीकडेच आले. आम्ही मागच्या भिंतीवरून उतरलो. घर गेलं. माझा डावा हात भाजला आहे, लिहिता येतं. सोमलता अम्मा धावपळीत जिन्यावरून पडल्या, इस्पितळात आहेत. पुष्पराणी रोज त्यांच्यासाठी देवाला हात जोडते.

तू मनाला लावून घेशील म्हणून स्पष्ट लिहितो. त्यांच्याकडे छापील याद्या होत्या आणि आमचं नाव त्यात कसं कोण जाणे आलं होतं. तुझ्या कार्डाचा याच्याशी काही संबंध नाही. सकाळचा तो कार्यक्रम आज्यांशिवाय ऐकतो कोण? हा विषय पुन्हा काढू नकोस, मीही काढणार नाही. निर्वासितांना जाफन्याला नेणाऱ्या जहाजात जागा मिळाली की तुझ्याकडेच येतो. अभिरामीने तुला वेगळं लिहिलं आहे, ती मला वाचू देत नाही. तसंच पाकिटात घालतो.

आहे तसा लोभ असू दे, मला आत्ता त्याचीच गरज आहे.

तिल्लै

*

आत्यास अभिरामीचा नमस्कार.

मी हत्ती पाहिला. तो घंटा वाजवतो. मग सोमवारी आपल्या घराला आग लावली.

खूप माणसं आली होती. एक काका छान तमिळ बोलत होते. सोमलता अम्मा फाटकात उभी राहून म्हणाली की इथे कुणी तमिळ राहत नाही. मग त्या काकांनी वर बघून विचारलं की शनिवारी आठ वर्षांची झाली ती अभिरामी इथेच राहते ना? मी खिडकीतून हो म्हटलं. मग त्यांनी सोमलता अम्माला ढकललं. मी हो म्हटलं ते अप्पांना माहीत नाही, तू सांगू नकोस.

रेडिओवर माझं नाव आणि पत्ता सगळं आलं. थँक्यू म्हणायचं राहिलं होतं.

तुझी अभिरामी