समोरच्या सतरंजीचं फूल

आबा,

आज रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत, आणि पाच वाजता मला एक सन्मान जाहीर करायचा आहे. तो कोणाला द्यायचा हे ठरेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. वहीत लिहितेय, फोनवर नाही. फोनवर लिहिलं तर बोट चुकायचं आणि तुमच्या-माझ्यातलं सगळं अख्ख्या जिल्ह्याला वाचायला मिळायचं. तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे लँडलाइन होता, तोही निम्मा वेळ मुका. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि त्यावर माणसं ग्रुप करून बोलतात, म्हणजे भांडतात. शाळेतलं शिकवणं सांभाळून असाच एक ग्रुप मी चालवते. विज्ञान आणि धर्म यावर वाद घालायचा, शिव्या द्यायच्या नाहीत, एवढीच मूळ अट. कळवणपासून दिंडोरीपर्यंतची माणसं आहेत त्यात. नाव दिलंय ‘रविवारचा वाद’. तुमच्या ओट्यावरच्या बैठकीचंच नाव, तुम्हाला न विचारता घेतलेलं.

नाशिक रोडच्या आपल्या कॉलनीतल्या विहाराचा ओटा मला अजून तसाच दिसतो. सकाळची वंदना झाली की तुम्ही आतून दोन सतरंज्या आणून समोरासमोर अंथरायचात, एक निळ्या पट्ट्यांची, विज्ञानाच्या बाजूची, आणि एक लाल, श्रद्धेच्या बाजूची. नोटांच्या प्रेसमधले तुमचे सोबती, शाळेतल्या बाई, पोस्टातले क्लार्क, शेजारच्या गल्लीतल्या भजनी मंडळातले दोघं-तिघं, ज्याला ज्या बाजूनं बोलायचं त्यानं त्या सतरंजीवर बसायचं. देव आहे का, नवसाला पावणं म्हणजे काय, पुनर्जन्म कोणी पाहिलाय, विषय कुठलाही चालायचा. चेहडीच्या मळ्यातून सायकलवर फुलं आणणारे फूलवाले काका वंदनेच्या फुलांसोबत एक गुलाब वेगळा, पेल्यात ठेवायचे. तो मानाचा. पण तो कोणाला, हे समोरच्या सतरंजीनं ठरवायचं. आपला माणूस आपण निवडायचा नाही. समोरच्या बाजूच्या ज्या माणसानं आपल्याला विचार करायला लावला, त्याला उठून फूल द्यायचं. नवीन माणूस गोंधळायचा. तुम्ही त्याला सांगायचात, “मी दिवसभर छापलेले कागद तपासतो. एकाच बाजूनं बघून पास केला तर साहेब मला घरी पाठवतील.” मग सगळे हसायचे, आणि हसता हसता तो नियम पाळायचेही.

त्यातला एक रविवार डोळ्यांपुढून जात नाही. मी दहावीत आहे. पुढच्या आठवड्यात सूर्यग्रहण आहे, म्हणून विषय ग्रहणाचा. निळ्या सतरंजीवर माझ्यासमोर टॉर्च, मोसंबी आणि लिंबू. आदल्या दिवशी तुम्हीच बाजारातून निवडून आणलेली मोसंबी, चांगली गोल बघून. मला वाटतंय की आज जग जिंकायचं आहे. फूलवाले काका नेहमी सायकलला टेकून लांबूनच ऐकतात. आज ते चप्पल काढून, अंग चोरून, लाल सतरंजीच्या कडेला बसलेत. त्यांची पाळी येते तेव्हा ते कोणाकडे न बघता म्हणतात, “ग्रहणात दोन जिवाच्या बाईनं काही चिरलं तर लेकराचा ओठ फाटतो, असं लोकं म्हणता. आमच्याकडं लय पाळता. ते खरं हाय का नाय, तेवढं सांगा.”

मी लिंबू उचलते, टॉर्चपुढे धरते, मोसंबीवर पडलेली इवलीशी सावली सगळ्यांना दाखवते आणि म्हणते, “काका, ही सावली काय विळी शोधत घरोघर फिरते का?”

ओटा हसून हसून लोळला. लाल सतरंजीसुद्धा हसली. काकाही थोडं हसले आणि त्यांनी हात पायजम्याला पुसले. शेवटी तेच उठले, पेल्यातला गुलाब काढला आणि माझ्याकडे यायला लागले. मी हात पुढे केलासुद्धा होता. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “राहू द्या. आज फूल कोणालाच नाही.” तुमचा आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच मला जास्त राग आला.

त्या संध्याकाळी मी जेवणार नाही असं जाहीर केलं. आई भाकरी थापत होती, तुम्ही पाटावर बसून मेथी निवडत होतात. माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, “तू बोललीस ते सगळं बरोबर होतं.”

“मग फूल का नाही दिलं?”

“त्यांनी काय विचारलं होतं?”

“अंधश्रद्धा विचारली, दुसरं काय!”

तुम्ही मेथीची जुडी खाली ठेवलीत. “त्यांच्या लेकीला मुलगी झालीय. ओठ फाटलेला आहे. मागच्या ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलंय. ते मला सकाळी सायकल लावताना म्हणाले. मीच म्हटलं, आज सतरंजीवर बसा आणि विचारा, माझी मुलगी सांगेल.”

आईचा हात थांबला होता. मी तरी हेका सोडला नाही. म्हटलं, “मी नाहीच तर म्हणाले ना!”

“म्हणालीस. पण हसून म्हणालीस. ते हसणं घरी नेऊन त्यांनी लेकीला काय सांगायचं?”

दुसऱ्या दिवशी प्रेसमधली पाळी संपवून तुम्ही परस्पर चेहडीला गेलात. निघताना मला “येतेस का?” विचारलंत. मी अभ्यास आहे म्हणाले. नंतर आईकडून कळलं, तुम्ही माझा टॉर्च आणि तेच लिंबू-मोसंबी पिशवीत घालून नेलं होतं, त्यांच्या अंगणात बसून तिच्या सासऱ्यांना सगळं दाखवलं होतं, आणि त्या बाळंतिणीला म्हणाला होतात की यात तुझा काही दोष नाही. काका पुढेही दर रविवारी गुलाब ठेवत राहिले. सतरंजीवर मात्र परत बसले नाहीत. मला ते फूल नंतर कितीदा तरी मिळालं, आबा. प्रत्येक वेळी मी सायकलकडे बघायची आणि काका टोपल्या बांधत असायचे. मला तुमची फार आठवण येते, आणि आली की हमखास ती मेथी निवडतानाचीच येते.

आता ग्रुपचं सांगते. वर्षअखेरीला आम्ही वर्षातल्या सगळ्यात चांगल्या उत्तराला सन्मान देतो. ‘मानाचा गुलाब’. गुलाबाच्या चित्राखाली नाव घालून पाठवते, लोक ते फ्रेम करून भिंतीला लावतात. पाच-सहा उत्तरांची यादी मी करते आणि सगळे मतं देतात. हळूहळू काय झालंय की ज्यानं समोरच्याला धुतलं, ज्याच्या खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, तोच निवडून येतो. आपली सतरंजी आपल्याच माणसाला फूल देते. मला हे दिसत होतं. मी चालू दिलं, कारण बहुतेक वेळा निळी सतरंजीच जिंकायची.

यंदा कळवणच्या एका तरुणानं ग्रुपवर लिहिलं, “बायको सात महिन्यांची गरोदर असताना ग्रहण होतं. तिने भेंडी चिरली. बाळाचा ओठ फाटलेला आहे. घरचे तिला बोलतात. सायन्सवाल्यांनी सांगावं, असं होतं का?” हे वाचून मला तुमचं स्वयंपाकघर आठवायला हवं होतं की नाही? नाही आठवलं. मी दहा मिनिटांत नऊ मुद्द्यांचं उत्तर लिहिलं, सावलीची आकृती काढून. बाळाचा ओठ तिसऱ्या महिन्याच्या आतच तयार होऊन गेलेला असतो, म्हणजे सातव्या महिन्यातल्या ग्रहणाचा संबंधच येत नाही, हे त्या बाईला सोडवणारं एकच वाक्य मी सातव्या मुद्द्यात पुरून टाकलं. आणि शेवटी लिहिलं, “सूर्याला तुमची भेंडी दिसत नाही हो!” तोच विनोद, आबा, फक्त भाजी बदलली. हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला.

त्यावर दिंडोरीच्या काकांनी बोलून पाठवलेला मेसेज आला. हे काका द्राक्षवाले, देवळात भजन म्हणणारे, लाल सतरंजीचे खंदे. रोज सकाळी देवाचे फोटो टाकतात आणि मी ते काढते. एकदा तर मी त्यांना महिनाभर ग्रुपबाहेर ठेवलं होतं. मेसेजमध्ये मागे ट्रॅक्टरचा आवाज आणि काका सांगतायत, “भाऊ, मी ग्रहण पाळणारा माणूस हाय. आंघोळ करतो, जप करतो. पण देव काय कोणाच्या विळीवर नजर ठेवून बसलेला नाय. मॅडमनी सात नंबरला लिहिलंय ते घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखव. तुझ्या बायकोला आधी पोटभर जेवू घाल. आन् ओठाचं ऑपरेशन नाशिकला होतं, माझ्या पुतण्याच्या पोराचं झालंय. तू ये, मी संगं येतो.”

माझा सातवा मुद्दा त्यांनी शोधून काढला होता. माझ्याच लिहिण्यातली कामाची गोष्ट त्या माणसाला विरोधी सतरंजीवरून पोचली. आणि मी तो मेसेज ग्रुपवरून काढून टाकला. ग्रुपवर बोलके मेसेज चालत नाहीत, लिहूनच टाकायचं, असा नियम आहे.

कळवणच्या तरुणानं तो आधीच ऐकला होता. परवा त्यानं मला लिहिलं, ऑपरेशन झालं, काका दोन दिवस दवाखान्यात बसून होते, बायको आता घरात मान वर करून वावरते. आणि म्हणाला, “मॅडम, यंदाचा गुलाब काकांना द्या ना. यादीत त्यांचं नाव दिसलं नाही.” दिसणार कसं? यादी मी केली होती. मतं मोजून झालीत आणि माझंच उत्तर पहिलं आलंय.

तर तीनपासून इथं बसलेय. एकीकडे मतं आहेत, एवढ्या लोकांनी दिलेली, आणि ती बाजूला सारली तर माझीच माणसं मला सोडणार नाहीत. मास्तरीणबाई वय झालं तशी देवाला लागली, असं म्हणतील. दुसरीकडे तुम्ही आहात, मांडीवर मेथी घेऊन. शेवटी तुमचा जुना नियम पुन्हा लागू केला. यंदापासून फूल समोरची सतरंजी देईल. निळ्या सतरंजीवरून मी उठतेय आणि लाल सतरंजीच्या दिंडोरीच्या काकांना ते देतेय. फूलवाल्या काकांना द्यायचं राहिलं ते आता कुठे देणार?

सन्मानाचा मजकूरही लिहून झालाय. दिंडोरीच्या काकांचं बोलणं आठवून आठवून तसंच्या तसं उतरवलं आणि खाली लिहिलं, “ग्रुपच्या नियमामुळे हा मेसेज तेव्हा काढावा लागला होता, त्याबद्दल दिलगिरी.” ते वाक्य आतापर्यंत चारदा वाचलं. पाच वाजायला थोडी मिनिटं उरलीत. हे पत्र काही कुठे जाणार नाही, वहीतच राहील, म्हणून तुम्हाला तेवढं सांगते. तो नियम मी काकांचा मेसेज काढल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी केला.