हरणाच्या मोसमातले पाहुणे

४ ऑक्टोबर
हारलन टगल येऊन बसला. काउंटीचा अध्यक्ष — आणि माझा जुना विद्यार्थी, दोनदा नापास! "बाई, आपल्या काउंटीची ओळख लिहून द्या. एक मोठी कंपनी जागा बघतेय. वाचून भुलली पाहिजे."

कंपनी आली तर माणसं येतील, माणसं आली तर पोरं. नाहीतर उन्हाळ्यात शाळेला कायमचं कुलूप. माझं आयुष्य गेलंय त्या शाळेत. लिहिते म्हटलं.

७ ऑक्टोबर
लिहायचं काय? झाडं. बरं, आणखी? झाडं!

हारलन म्हणतो, "माणसाचा हात न लागलेलं जंगल" लिहा. कसला हात न लागलेला! सगळे पाइन मक्यासारखे ओळीत. त्याच्या बापानंच लावलेत, तोडायला. तरी लिहिलं. बाप्टिस्टांची चार चर्चं आहेत, कारण चौघांचं एकमेकांशी पटत नाही. "श्रद्धाळू समाज" असं लिहिलं.

ड्वाइटचं — माझ्या नवऱ्याचं — म्हणणं एवढंच, "हरणं लिही गं." नाही लिहिली.

२ नोव्हेंबर
ओळख आवडली! पाहुणे येणार. अठराला, शनिवारी.

मी उडालेच. "अरे, हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस तो!"

"ठाऊक आहे बाई. पण पाहुण्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

खरंय. इथं कुणी कुणाला नाही म्हणतच नाही. "मग तू तरी असशील ना?"

"म्हणजे काय! असणारच." हे म्हणताना टोपी फिरवत होता हातात. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

१८ नोव्हेंबर
एक माणूस नाही! कोर्टाच्या, म्हणजे काउंटीच्या कचेरीच्या, पायरीवर मी आणि हातात मी भाजलेली गोड पेकान पाई. हारलन नाही, शेरीफ नाही. खाणावळ बंद, पेट्रोलपंप बंद. चौकात कुत्रं झोपलेलं.

पाहुणे दोघे, बूट चकचकीत. "लोक कुठं आहेत?" रानातून धाड धाड आवाज. काय सांगू, कपाळ? म्हटलं, "आमच्या लोकांना शांतता प्रिय. कुणी कशाच्या मध्ये पडत नाही."

लिहून घेतलं मेल्यांनी! खूश होऊन. पाईसुद्धा पुन्हा मागून घेतली.

ड्वाइट अंधार पडल्यावर उगवला, गाडीत हरणाचा मोठा नर टाकून. पाहुण्यांचं नावही काढलं नाही.

१९ नोव्हेंबर
चर्चमध्ये जो तो विचारतोय, "कसं झालं, बाई?" प्रत्येकाला वाटलेलं, दुसरा कुणी जाईल. हारलनला वाटलं, शेरीफ जाईल. शेरीफला वाटलं, हारलन. आणि दोघे होते एकाच मचाणावर!

२६ फेब्रुवारी
पसंत! आमची काउंटी पसंत! शाळेत घंटा वाजवली. मी रडले, पोरांसमोर. लाज नाही वाटली.

१ मार्च
कारखाना नाही. कचरा. तीन शहरांचा कचरा आणून टाकणार, शाळेमागच्या पाइनमध्ये.

हारलननं फोन केला. "बाई, त्यांना अशीच जागा हवी होती — जिथं कुणी मध्ये पडत नाही." माझंच वाक्य! हरकती कोर्टात ऐकणार, पंधराला सकाळी. हरकत नाही आली की झालंच पक्कं. तारीख कंपनीनं सुचवली. यानं हो म्हटलं.

पंधराला टर्की पक्ष्यांच्या शिकारीचा पहिला दिवस.

ड्वाइट बंदुकीला तेल देतोय. म्हणाला, "तू जाशीलच ना? तुला बोलता छान येतं."